हिरवा चालत नाही

४ मार्च

तुरुंगात भरती निघालीय! किराणा दुकानाच्या काचेवर कागद लावलाय. शाळा पुरी झालेली नसली तरी चालतं, बाहेरून परीक्षा दिलेली असली की झालं. माझी झालीय. त्या परीक्षेचा अभ्यास घेणारे हेन्सली सर म्हणाले होते, रोज चार ओळी लिही, हात वळता राहील. म्हणून हे लिहिणं.

मी अर्ज करणार. पगार पाहिजेच, माझ्या पोरीच्या, हार्लीच्या बुटातून अंगठा बाहेर आलाय. तिचा बाप ओहायोला कामाला गेला तो गेलाच. पण मी जाणार ती पगारासाठी नाही.

पुलियमसाठी.

५ मार्च

काल पुढं लिहवेना. आज लिहून टाकते, एकदाच.

ऑक्टोबरातला रविवार. डेन्व्हरला भेटायचा वार. डेन्व्हर माझा थोरला भाऊ. आई गेल्यावर त्यानंच मला वाढवलं — माझ्या वेण्या घालायला शिकला तो! एवढे मोठे हात, आणि बोटात रिबन! पुढं नशेच्या गोळ्या विकायला लागला, धरला गेला. कोळशासाठी डोंगराचं डोकं कापून सपाट केलंय ना, तिथल्या तुरुंगात होता. फोनवर त्याचा आवाज बारीक होत चालला होता. विचारलं की म्हणायचा, "जरा थकवा आहे गं. तू पोरीचं सांग."

मी नवा हिरवा टॉप घातला. हार्लीला अंघोळ घातली, वर्नेल मावशीचा ट्रक मागून घेतला. फाटकावर बूट काढले, हात पसरले, तोंड उघडून दाखवलं, हार्लीचा डायपरसुद्धा चाचपला त्यांनी. मशीन वाजलं नाही. सगळं झालं! तेवढ्यात आतून फोन आला. फाटकावरच्या त्या बाईनं तो ऐकला, ठेवला, आणि माझ्याकडं बघत बसली. वरून खाली, खालून वर. मग म्हणते —

"हिरवा चालत नाही."

मी म्हटलं, "बाई, कपडाच आहे. पोरीला घेऊन आलेय."

"बदलून ये. पुढच्या रविवारी ये."

माझ्यामागची बाई हिरव्या स्कर्टात आत गेली. माझ्या डोळ्यांदेखत! वर त्या बयेनं हार्लीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला, ती नारिंगी असतात, मध्ये शेंगदाण्याचं लोणी. भीक घालावी तसा. मी बाहेर येऊन तो चिखलात फेकला. हार्ली घरी येईपर्यंत रडत होती.

पुढचा रविवार आलाच नाही. शुक्रवारी कळवलं, डेन्व्हर गेला. यकृत. शवपेटी उघडून मावशीनं एकटीनं बघितलं. मला म्हणाली, "नको बघूस. तुझ्या डोळ्यांत आहे तसाच राहू दे." म्हणजे मी माझ्या भावाला शेवटचं बघितलंच नाही. जिवंतही नाही, मेलेलाही नाही.

एका रंगापायी.

सार्जंट पुलियम. तिच्या छातीवरची पट्टी मी निघताना दोनदा वाचली होती. विसरू नये म्हणून.

६ मार्च

हेन्सली सर पूर्वी आत कैद्यांना शिकवायला जायचे. आज सहज विचारलं, फाटकावर काम करणारे कुणाकुणाला तपासतात? म्हणाले, "सगळ्यांना. स्टाफला पण रोज सकाळी त्याच मशीनमधून जावं लागतं. वॉर्डनलासुद्धा सूट नाही."

घरी येईपर्यंत हसत होते मी. एकटीच, रस्त्यानं!

मी फाटकावर उभी राहणार. ती येणार. मशीन वाजणार. एक ना एक दिवस वाजेलच. मग मी तिला वरून खाली बघणार आणि म्हणणार, "मागे फिरा. बदलून या." सगळ्यांसमोर. रोज. ती नोकरी सोडेपर्यंत.

१० मार्च

मुलाखतीला काय घालायचं? हेन्सली सरांना विचारलं तर बोटांवर मोजत सांगायला लागले, "गडद निळं जॅकेट. पांढरा शर्ट. साधी विजार, पट्टा, पॉलिश केलेले लेसचे बूट. केस मागं बांधलेले. कानात काही नको, नखं रंगवायची नाहीत, सेंट तर बिलकुल नको."

मी म्हटलं, "सर, मयताला जायचंय की नोकरीला?"

"मार्ला, तिथं तू छान दिसतेस का ते बघत नाहीत. ही नियम पाळेल का, एवढंच बघतात."

नियम! मला नियम शिकवतात!

रात्रीच्या जेवणाला मावशीला सांगितलं. मावशीच्या चर्चमध्ये बायका विजार घालत नाहीत, केस कापत नाहीत. तिचा चमचा बीन्सच्या भांड्यात तसाच राहिला.

"विजार? बाईमाणसानं?"

"मावशी, पहारेकरी व्हायचंय. नवरी नाही."

"वर गेल्यावर देवाला काय सांगशील?"

"सांगेन, वर्नेल मावशीनं खालून दुमडून शिवून दिली."

"मी? माझे हात झडून जातील!"

१३ मार्च

मावशीनं विजार शिवली. तोंडानं प्रार्थना, पायानं मशीन. म्हणाली, "लांब ठेवलीय. चालताना स्कर्टासारखी दिसेल." नाही दिसत. पण मी होय म्हटलं.

१४ मार्च

अर्ज देऊन आले. डोंगरावर ट्रक चढवला. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा त्या रस्त्यानं. आतलं ते मोठं लोखंडी दार बंद होतं ना, त्याचा आवाज दातांत शिरतो.

पुलियम नव्हती. फाटकावर जाड्या ओकली होता, त्यानं अर्ज घेतला. भिंतीवर फळा आहे, भेटीला येणाऱ्यांनी काय घालायचं नाही त्याचा. एवढी वर्षं त्याच्यासमोर उभी राहिले, कधी नीट वाचला नव्हता. रांगेतली पुढची बाई जे करते तेच आपण करायचं असं चालायचं. आज वाचला. बोट लावून वाचला.

खाकी नको, कैद्यांचे कपडे खाकी असतात. करडा नको, पहारेकऱ्यांचा असतो. उघडे खांदे नको. आखूड नको. टोपी नको.

हिरवा नाहीच!

कुठंच नाही! पुन्हा वाचला. ओकलीनं विचारलं, "ताई, काही हरवलं का?" मी म्हटलं, "हो."

म्हणजे तिनं मनानं रचलं. तिला लहर आली म्हणून. माझ्याकडं बघितलं, गरीब दिसली, पोर काखेला, कोण विचारणार हिला! आजपर्यंत मला वाटत होतं ती कडक आहे. कडक नाही. दुष्ट आहे. माझा राग अर्धा होता तो आज पुरा झाला.

१७ मार्च

चर्चमधल्या दान आलेल्या कपड्यांच्या खोलीतून निळं जॅकेट मिळालं. बँकेतल्या कुणा बाईचं होतं म्हणे. खिसे अजून दुकानातल्या टाक्यांनी बंदच आहेत. तसेच राहू दिले.

२४ मार्च

फोन आला. सोमवारी मुलाखत. मी नीट बोलले, "होय सर, आभारी आहे सर." मग संडासात जाऊन बसले.

२८ मार्च

मावशीनं पांढरा शर्ट इस्त्री करून दाराला टांगला. कॉलर पापडासारखी कडक.

मी म्हटलं, पांढरा नाही घालणार.

"मग काय घालणार?"

कपाटातून हिरवा टॉप काढला. ऑक्टोबरपासून धुतला नाही. मावशी खाटेवर बसली.

"हे घालून जाशील तर नोकरी जाईल."

"वरून जॅकेट. गळ्यापर्यंत बटणं. कुणाला दिसणार नाही."

"मग घालायचा कशाला?"

"मला माहीत असेल ना."

तिनं टॉपवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "वैराचं कापड अंगाला टोचतं गं पोरी."

"टोचू दे!"

हार्ली मध्येच आली आणि हिरवा टॉप डोक्यावर ओढून "भूत भूत" करत पळाली. आम्ही दोघी हसलो. हसू नये असं वाटत होतं तरी हसलो.

३० मार्च

सगळं लिहिते. हात अजून गार आहेत.

हार्ली मावशीकडं. ट्रकात आरशात बघितलं, केस घट्ट, कान रिकामे, निळं जॅकेट. मला वाटलं, दिसतेय की नोकरीवाली! फाटकावर ओकली. त्यानं नेहमीसारखं विचारलं —

"कुणाला भेटायचंय?"

आणि मी म्हटलं, "डेन्व्हर स्टंबो."

आपोआप! तोंड बोललं, मी नाही. बूट पण काढून झाले होते, तोंड उघडून जीभ वर केली होती. ओकली यादीत बघायला लागला, बोट फिरवत, "स्टंबो... स्टंबो... या नावाचं नाहीय कुणी, ताई."

मला कळेना मी उभी आहे की पडले. म्हटलं, "नाही. मुलाखत. नोकरीची मुलाखत."

तेव्हा त्यानं मला नीट बघितलं. बिनलेसचे बूट, पट्टा नाही, केसात पिन नाही, खिसे शिवलेले, हातात कागद घातलेली पारदर्शक पिशवी. मग माझं मलाच दिसलं! मी नोकरीला आलेच नव्हते. मी भेटीला आले होते. मशीन वाजू नये म्हणून इतक्या रविवारांची सवय, अंगानं आपलं आपणच तसं सजवलं. सरांनी पट्टा सांगितला होता, लेसचे बूट सांगितले होते. सगळं विसरले. ओकली वाकला. बूट उचलून माझ्या हातात दिले.

आत तिघं. मधे टायवाला साहेब. एक चष्म्याची बाई, लिहून घेणारी. आणि कडेला — ती. करड्या कपड्यात. पट्टीसकट.

मी पिशवी टेबलावर ठेवली.

टायवाला माझी पिशवी बघून म्हणाला, "डबा आणलाय की काय?" चष्म्याची हसली. पुलियम हसली नाही. पिशवीकडं बघितलं, बुटांकडं बघितलं. मग तोंडाकडं. ओळखलं का? ओळखू दे!

टायवाल्यानं विचारलं, "तुमचं कुणी नातेवाईक इथं आत आहे?"

"नाही," मी म्हटलं. "आता नाही."

खोलीत हीटर मरणाचा तापवलेला. घाम कानामागून उतरायला लागला. टायवाला म्हणे, जॅकेट काढा की. मी म्हटलं, ठीक आहे सर. परत थोड्या वेळानं पुलियम बोलली, पहिल्यांदाच —

"काढ गं जॅकेट. भिजलीस."

भीती होती की राग, कोण जाणे. मी बटणं काढली. एक एक. जॅकेट खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि तिच्याकडं तोंड करून सरळ बसले.

हिरवा!

तिच्या तोंडावरचा रंग उडाला. खरंच उडाला. हातातला पेन टेबलावर ठेवला तिनं. घाबरली! मी बघितलं, घाबरली! पाच महिने मी या एका क्षणासाठी जगले.

टायवाल्याला काय कळणार! तो म्हणाला, सार्जंट, तुमचा काही प्रश्न? ती म्हणाली, एक आहे.

"रविवार आहे. पोर काखेला घेऊन बाई आली. तिला आत सोडता येत नाही, कपड्यावरून. ती रडते, शिव्या देते. तू काय करशील?"

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "सांगेन, हिरवा चालत नाही. बदलून ये."

"ती विचारेल, का."

"सांगणार नाही."

पुलियमनं हळूहळू मान हलवली. "सांगायचं नाही," ती म्हणाली. "तेच सगळ्यात अवघड."

अवघड म्हणे! ढोंगी मेली!

मी उठून आले. नोकरी गेली. जाऊ दे. तिनं हिरवा बघितला.

३ एप्रिल

नोकरी लागली!!

मावशी म्हणते देवाची कृपा. देवाची कशाची! पुलियमला मी पायाखाली पाहिजे. डोळ्यांसमोर असलेली बरी, असं म्हणत असेल. म्हणू दे. मलाही तेच पाहिजे.

२० एप्रिल

ट्रेनिंग चालू आहे. दार कसं उघडायचं, पाठ कुणाकडं करायची नाही. रात्री झोपेत किल्ल्या वाजतात. हार्ली विचारते, आई, तू चोर पकडणार? मी म्हटलं, एकच.

११ मे

करडे कपडे मिळाले. शर्ट दोन मापं मोठा. मावशीनं तो बगलेत टाके घालून बारीक केला, विजारीला हातही लावला नाही. "ही सरकारनं दिलीय, पाप सरकारचं!" छातीवर पट्टी, कॉम्ब्स. नवऱ्याचं नाव. तो पळाला, नाव ठेवून गेला. आरशासमोर उभी राहिले. हार्ली मला बघून मावशीच्या मागं लपली.

१४ मे

फाटकावर नेमणूक! पुलियमच्या हाताखाली! मागितली नाही, तिनंच मागून घेतलं म्हणे मला. ओकली म्हणाला, "नशीबवान आहेस. म्हातारी कुणाला आपल्याजवळ ठेवून घेत नाही." मी म्हटलं, "हो ना, लाडकी आहे मी."

२९ मे

आज. आज!

सकाळी ती आली. मशीनमधून गेली आणि — वाजलं! किती सकाळी वाट बघितली मी! मागं रांग लागलेली, ओकली, स्वयंपाकघरातल्या बायका, डॉक्टर. मी वरून खाली बघितलं, अगदी तिच्यासारखं. म्हटलं, "मागे फिरा."

गेली मागे. पट्टा काढला. परत वाजलं. "मागे फिरा." बूट काढले. मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर. परत वाजलं. केसातल्या पिना काढल्या, केस सुटले. पांढरे, विरळ. टाळू दिसत होती. रांगेत कुणी हसलं. मग नाही वाजलं.

माझ्याजवळून जाताना म्हणाली, "बरोबर केलंस. माणूस बघून मशीन सोडत नाही." आणि पिना तोंडात धरून केस बांधायला लागली.

घरी येऊन जेवले नाही. आनंद व्हायला पाहिजे ना? तो अंगठा डोळ्यांसमोरून जात नाही. हार्लीच्या जुन्या बुटातून यायचा तसा.

पण नाही. एवढ्यानं फिटत नाही. ती मोज्यांसकट घरी गेली, डेन्व्हर पेटीतून गेला. मी सगळ्यांसमोर तिच्या तोंडावर विचारणार, फळ्यावर हिरवा कुठंय, दाखव. रविवारी विचारणार. भेटीच्या रविवारी, गर्दीत.

७ जून

आज विचारायचं होतं. धीर झाला नाही. दिवसभर ती एका आंधळ्या म्हातारीला हात धरून आत नेत होती. पुढच्या वेळी.

१४ जून

नाही जमलं. भित्री आहे मी. डेन्व्हर म्हणायचाच.

२१ जून, रविवार

आज विचारणारच होते. तोंड उघडलं होतं.

आतून फोन आला. काल एका कैदी पोराला बराकीत बेदम मारहाण झाली. डोळा बंद, पुढचे दात गेले. त्याची बायको येणार, लहान पोरगी घेऊन. त्याचा निरोप होता — मला असं बघायला नको तिनं. पण मी नको म्हटलं असं सांगू नका, मोडून पडेल ती.

पुलियमनं फोन ठेवला. म्हणाली, "दोष कपड्यावर घाल. आपण इथं कपड्यावर घालतो. शिव्या आपण खायच्या. खालच्या खणात बिस्किटं आहेत."

खण उघडला. नारिंगी पुडे. भरून.

एक पुडा हातात घेतला. म्हटलं, "डेन्व्हर?"

ती मशीनकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हिरवा छान दिसत होता तुला."

बाई आली. पिवळा फ्रॉक, इस्त्रीचा. कुठं काही खोट नाही. पोरीच्या केसात रिबन.

मी म्हटलं, "पिवळा चालत नाही."

तिनं माझ्या छातीवरची पट्टी वाचली. जाताना वळून परत वाचली.

वाचू दे.